टाकाऊ गोष्टींची अमानत

काय जपावे आणि काय टाकून द्यावे, हा प्रश्न घरातल्या माळ्यापुरता असतो तेव्हा सोपा असतो. दिवाळी-ईदच्या साफसफाईत तो दरवर्षी सुटतो आणि भंगारवाला उरलेले घेऊन जातो. तोच प्रश्न समाजापुढे आला की मात्र अवघड होतो. ज्या गोष्टीला शहाण्यासुरत्या माणसांनी एकमताने हलकी ठरवले, जी आपण आपल्या मुलांच्या हाती देणार नाही, ती जपण्याची जबाबदारी आपल्यावर येते का? येत असेल तर कुठपर्यंत येते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही जे उदाहरण घेतले आहे ते काही वाचकांना या वार्षिकाच्या पानांवर विचित्र वाटेल. ते आहे रामसे बंधूंच्या भुताखेतांच्या आणि खुनाखुनीच्या चित्रपटांचे. उदाहरण मुद्दामच हलके घेतले आहे. गालिबचा दिवान किंवा तुकोबांची गाथा जपावी की नाही, हे कुणी विचारत नाही. मुळात ज्याची लाज वाटते त्याच्याच बाबतीत तत्त्वाची परीक्षा होते.

रामसे घराण्याची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी हे कराचीचे सिंधी व्यापारी. रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी आडनावाचे 'रामसे' झाले आणि तेच पुढे टिकले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले आणि चित्रपटाच्या धंद्यात उतरले. १९६३ साली त्यांनी काढलेला 'रुस्तम सोहराब' 'रणांगण'कार विश्राम बेडेकरांनी दिग्दर्शित केला होता आणि तो सुरैयाचा शेवटचा चित्रपट ठरला. म्हणजे या घराची सुरुवात काही स्मशानातून झालेली नव्हती. १९७० साली आलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' मात्र आपटला. तो चालत नसताना मुलांच्या एक गोष्ट लक्षात आली. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करायला जातात, त्या एका प्रसंगाला प्रेक्षक दाद देत होते. सात भावांनी त्यावरून धंद्याची दिशाच बदलली.

१९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. नाव बहादूरशहा जफरच्या गजलेची आठवण देणारे, गोष्ट थडग्यातून उठणाऱ्या प्रेताची. सगळे कुटुंब आणि मोजकी मंडळी महाबळेश्वरला गेली, सरकारी विश्रामगृहात उतरली आणि चाळीसएक दिवसांत चित्रपट पुरा करून आली. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास झाला असे सांगतात. कुमारने लिहायचे, गंगूने कॅमेरा धरायचा, किरणने आवाज, अर्जुनने संकलन, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन. कुणी चित्रपटाच्या शाळेत गेलेले नव्हते. जोसेफ मॅसेली यांचे छायाचित्रणावरचे इंग्रजी पुस्तक वाचून ही मंडळी शिकली. कारागिराच्या घरात जसे काम चालते तसे हे काम चालले. आमच्या विडी वळणाऱ्या, विणकाम करणाऱ्या घरांना ही रीत परकी वाटू नये.

१९८४ साली 'पुराना मंदिर' आला आणि खूप चालला. त्यातला सैतान सामरी. ही भूमिका अनिरुद्ध अग्रवाल यांनी केली. ते रुरकीला शिकलेले इंजिनिअर होते. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण अशी की फार रंगरंगोटी करायचीही गरज पडली नाही. चित्रपटात सामरीचे धड एकीकडे पुरलेले असते आणि मुंडके दुसरीकडे पेटीत बंद असते. दोन्ही एकत्र आली की अनर्थ होतो. सामरीला शिक्षा देणारा आहे बिजापूरचा सुलतान, आणि त्याचे नाव हरिमानसिंग! १६८६ साली आदिलशाही बुडाली. हे आमच्या सातवीच्या मुलांनाही सांगता येते. 'पुराना मंदिर'मधले बिजापूर कोणत्याही इतिहासात सापडणार नाही. पण पाहणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती. चित्रपट चालला म्हटल्यावर रामसे बंधूंनी वर्षभरात तेच नाव आणि तोच अभिनेता घेऊन 'सामरी' काढला, आणि तोही त्रिमितीत, डोळ्यांवर चष्मा लावून पाहायचा. मेलेला सैतान गल्ल्यासाठी पुन्हा उठवायचा, ही या धंद्याची जुनी चाल आहे.

प्रतिष्ठित समीक्षेने या चित्रपटांकडे पाहिलेही नाही. ते चालले तालुक्याच्या टॉकीजमध्ये, व्हिडिओ पार्लरमध्ये. आमच्या पिढीने रामसे पाहिले ते घरच्या केबलवर. १९९३ पासून झी टीव्हीवर त्यांचा 'झी हॉरर शो' लागत असे. मोठी माणसे रागावत आणि तीही दाराआडून बघत.

हे सगळे विस्मरणात जायला हरकत नव्हती. पण परदेशात एक चमत्कार घडला. 'मोंडो मॅकाब्रो' नावाच्या कंपनीने २००० नंतरच्या दशकात या चित्रपटांच्या डीव्हीडी काढल्या आणि २०२३ साली त्यांचा ब्लू-रे संच काढला. जुन्या फिल्मवरून चित्र नव्याने उतरवून, साफ करून, दुरुस्त करून. ज्या 'पुराना मंदिर'च्या प्रिंटवर तालुक्याच्या प्रोजेक्टरने ओरखडे काढले होते, तो आता लख्ख होऊन परदेशी दिवाणखान्यांत पोचला.

हे काम किती कष्टाचे असते याची कल्पना असावी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे २ लाख १६ हजार चौकटी. जुनी ॲसिटेटची फिल्म आंबते, तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, ती आक्रसते, वाकडी होते. ती धुवायची, तुटलेले सांधे जोडायचे, एकेक चौकट यंत्रातून उतरवायची, रंग मूळच्यासारखे करायचे, आवाजातली खरखर काढायची. एवढी मेहनत एखाद्या बड्या कलाकृतीसाठी घेतली तर कुणी प्रश्न विचारणार नाही. ती सामरीसाठी घेतली गेली.

हे खूळ फक्त आपल्याच चित्रपटांबाबत नाही. अमेरिकेत १९८४ साली 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' नावाचा खूनसत्राचा चित्रपट आला. सांताक्लॉजच्या वेषातला माणूस खून करतो, यावरून आईबापांनी निदर्शने केली आणि तो थिएटरांतून काढून घ्यावा लागला. तरी १९८७ साली त्याचा दुसरा भाग आला, आणि तो इतका काटकसरीचा की पहिल्याच चित्रपटातली दृश्ये पुन्हा दाखवून त्याचा मोठा हिस्सा भरून काढला होता. उरल्यासुरल्या कापडाची गोधडी म्हणावी तसा. तीही गोधडी पुढे झटकून, धुऊन ब्लू-रेवर आली आणि हौशी लोकांनी विकत घेतली.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पैशाचा आणि वेळेचा आहे. किती मोलाच्या गोष्टी कुजत पडल्या आहेत आणि हे लोक सामरी धूत बसले आहेत! दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. या चित्रपटांत बाईच्या देहाकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो ती नजर चांगली नाही. आधी तिला न्याहाळायचे आणि मग तिला मारायचे, ही खूनसत्राच्या चित्रपटाची ठरलेली रीत आहे. तिसरा आक्षेप आपल्या घरांतला आहे. सिनेमा ही मुळातच लग्व, म्हणजे फालतू आणि वेळ खाणारी गोष्ट, त्यात फहाशी. मग ती जपण्यात सवाब कसला?

हे तिन्ही आक्षेप आम्हाला खोटे वाटत नाहीत. ज्याला वाटतात त्याने हे चित्रपट पाहिलेले नसावेत. पण तिन्ही आक्षेपांच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते तपासायला हवे. गृहीत असे की काय मोलाचे आणि काय फालतू, हे आज ठरवता येते आणि ठरवणारे आपणच आहोत.

फातमा बेगम यांचे उदाहरण घ्या. भारतात चित्रपट दिग्दर्शित करणारी पहिली स्त्री ही एक मुसलमान बाई होती. १९२६ साली तिने स्वतःची कंपनी काढली आणि त्याच वर्षी 'बुलबुल-ए-परिस्तान' केला. नावावरूनच कळते की ही पऱ्यांची, जादूची, करमणुकीची गोष्ट होती. तिची मुलगी जुबेदा पुढे १९३१ च्या 'आलम आरा'ची, म्हणजे आपल्या पहिल्या बोलपटाची नायिका झाली. आज 'बुलबुल-ए-परिस्तान'ची एकही प्रत नाही. 'आलम आरा'चीही नाही. पडद्यावर बाईने पहिल्यांदा स्वतःच्या नजरेने काय मांडले, हे पाहण्याची आपली संधी कायमची गेली. त्या काळी मूकपटांच्या जुन्या फिल्म चांदी काढण्यासाठी भंगारात जात. विकणाऱ्याने मनाशी काय म्हटले असेल? पऱ्यांची गोष्ट, जुना खेळ, आता कोण बघतो! आज आपण सामरीबद्दल जे म्हणतो, नेमके तेच.

हे ओळखणारा एक माणूस पुण्यात होता. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी ते उभे केले. फाळके यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे त्यांनी शोधून आणले. पण त्यांचे मोठेपण आम्हाला दुसऱ्या गोष्टीत दिसते. चांगला आणि वाईट असा भेद करून ते गोळा करत नव्हते. मिळेल तो चित्रपट, मिळेल ते रीळ ठेवून घ्यायचे. संग्राहकाचे काम ठेवण्याचे आहे आणि निवाड्याचे काम पुढच्यांचे, अशी त्यांची धारणा होती. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात आग लागून नायट्रेटच्या बऱ्याच जुन्या फिल्म जळाल्या. 'आलम आरा' त्या आगीत गेला असे अजूनही काही लोक सांगतात. तो संग्रहालयाच्या हाती कधी लागलाच नव्हता. आग लागण्याच्या कितीतरी आधी तो बेपर्वाईत गेला होता.

इथे वाचक म्हणतील, हे सरकारी संग्रहालयाचे झाले, आमच्या दीनमध्ये याला आधार काय? आमच्या मते आधार आहे, आणि तो पक्का आहे. हदीसच्या विद्वानांनी काय केले ते आठवावे. त्यांनी फक्त सहीह हदीस लिहून ठेवल्या आणि बाकीच्या जाळून टाकल्या असे झाले नाही. हसन, जईफ असे दर्जे ठरवून त्यांनी त्या लिहून ठेवल्या. एवढेच नव्हे, तर मौजू म्हणजे बनावट रिवायतींचीही स्वतंत्र पुस्तके केली. १२०१ साली वारलेल्या इब्न अल-जौझी यांचे 'किताब अल-मौजूआत' हे तर बनावट रिवायतींचेच पुस्तक आहे. खोटी गोष्ट पैगंबरांच्या नावावर खपवणे यापेक्षा मोठा अपराध तो कोणता? तरी ती खोटी गोष्ट त्यांनी पुसली नाही. ती लिहिली, शेजारी तिचा दर्जा लिहिला, ती कुणाकडून कुणाकडे आली ती इस्नाद लिहिली आणि कोणत्या रावीवर भरवसा ठेवू नये तेही लिहिले. पुसली असती तर उद्या कुणीतरी ती नव्याने खरी म्हणून आणली असती आणि ओळखायला कुणाकडे काहीच उरले नसते.

तीच गोष्ट जाहिलियतच्या शायरीची. मुअल्लकातमध्ये शराब आहे, फुशारकी आहे, बायकांच्या गोष्टी आहेत. इस्लामने ती जीवनपद्धत नाकारली. पण ती शायरी मुसलमानांनीच जपली आणि कुरआनातल्या अवघड शब्दांचा अर्थ लावताना मुफस्सिर तिच्याकडेच वळले. जपणे म्हणजे मान्य करणे नव्हे, हा धडा आपल्या बुजुर्गांनी फार पूर्वी घालून दिला आहे.

हलक्याचे मोल काळाबरोबर बदलते, याचीही उदाहरणे जवळच आहेत. इब्ने सफी (१९२८ ते १९८०) यांच्या 'जासूसी दुनिया'ची पुस्तके रेल्वेच्या स्टॉलवर विकली जात. उर्दूच्या प्राध्यापकांनी ती कधी कपाटात ठेवली नाहीत. आज त्यांची भाषांतरे होतात आणि उर्दू गद्याची रवानी दाखवायला त्यांचीच पाने काढली जातात. मराठीत नारायण धारपांच्या भयकथा वाचनालयातून आणून उशीखाली लपवायच्या गोष्टी होत्या. त्यांतून प्रेरणा घेतलेला 'तुंबाड' २०१८ साली आला आणि २०२४ साली पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा लोकांनी गर्दी केली. दख्खनच्या सूफींच्या परंपरेतले चक्कीनामे तर बायकांनी दळताना म्हणायचे. दक्खनी बोली, जात्याची घरघर, पिठाने भरलेले हात. फारसी जाणणाऱ्या दरबाराने त्याला साहित्य म्हटले नसते. आज दख्खनमध्ये इस्लाम घराघरांत कसा पोचला हे समजून घ्यायला अभ्यासक तिकडेच जातात.

आमच्या जिल्ह्यातच अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिले. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे कापड. ग्रंथाला शोभणारी ती वस्तू नव्हे. संतांचे वचन आणि सामरीची आरोळी यांची बरोबरी करण्याचा आमचा विचार नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. सांगायचे एवढेच की कोणत्या कापडावर काय राहून जाईल हे कापड विणणाऱ्याला माहीत नसते.

शिवाय हलक्या गोष्टींत काळाची एक गवाही असते, ती भारदस्त गोष्टींत सापडत नाही. 'पुराना मंदिर'ची गोष्ट काय आहे? सामरीचा शाप असा की या घराण्यात जन्मलेली प्रत्येक मुलगी बाळंतपणात मरेल. म्हणून बाप मुलीच्या लग्नाला घाबरतो, तिच्या प्रेमाला घाबरतो, तिला कोंडून ठेवतो. मुखवटा आणि रक्त बाजूला ठेवले तर उरते ती मुलगी जन्माला येण्याची भीती. १९८४ च्या प्रेक्षकाला ही भीती समजावून सांगावी लागली नाही. आणि नंतर काय झाले? २०११ च्या जनगणनेत आमच्या बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली मोजल्या गेल्या. इथे कुणी सामरी आला नव्हता. हे घरातल्या माणसांनी सोनोग्राफीच्या यंत्रासमोर बसून केले. त्या काळातले सभ्य कौटुंबिक चित्रपट मुलीला घराची लक्ष्मी म्हणत होते. हलका चित्रपट नकळत खरे बोलून गेला. असा साक्षीदार चारित्र्याने बरा नसला तरी त्याला कोर्टाबाहेर हाकलता येत नाही.

इथवर आम्ही जपण्याच्या बाजूने बोललो. पण 'सगळे जपा' म्हणून हा प्रश्न मिटत नाही. तो कुठे अडतो ते बीडमध्ये राहणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. मारणाऱ्यांनी मारहाणीचे चित्रण मोबाईलवर केले होते. मार्च २०२५ मध्ये दोषारोपपत्रातली छायाचित्रे बाहेर आली आणि एका दिवसात घराघरांतल्या फोनवर पोचली. आमच्या नववीच्या वर्गातल्या मुलांनीही ती पाहिली. त्यातल्या एकाने विचारले, "सर, ये कौनसे पिक्चर का है?" तो चेष्टा करत नव्हता. लहानपणापासून पडद्यावर जे पाहत आला त्यात आणि यात त्याला फरक दिसला नाही.

तो प्रश्न ऐकल्यावर सगळा दोष चित्रपटांच्या माथी मारण्याचा मोह होतो. पण मोबाईल हातात धरून एका जिवंत माणसाची तडफड टिपणाऱ्यांना ते कुणा रामसेने शिकवले, असे म्हणणे फार सोयीचे आहे. त्यामुळे खरी कारणे शोधायची जबाबदारी टळते. तरीही मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. ते उत्तर असे की पडद्यावरचे रक्त रंगाचे असते, ते सांडल्यावर नटमंडळी तोंड धुऊन घरी जातात. त्यांनी ते पैसे घेऊन, राजीखुशीने केलेले असते. फोनवरच्या चित्रातला माणूस घरी गेला नाही. त्याने त्या चित्राला रुकार दिला नव्हता. त्याला बायकामुले आहेत.

मग ही छायाचित्रे नष्ट करावीत का? नाही. न्यायालयात ती लागतात. ती नसती तर किती गोष्टी नाकारल्या गेल्या असत्या! म्हणजे सामरीचा चित्रपट जपायचा आणि हीही चित्रे जपायची. पण दोन्ही जपण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक सांगणारा शब्द आपल्याकडे आहे. तो शब्द अमानत.

अमानत म्हणजे आपल्याकडे ठेवायला दिलेली दुसऱ्याची वस्तू. ती आपल्याला आवडते की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. शेजाऱ्याने हजला जाताना ट्रंक ठेवायला दिली तर आत काय आहे ते आपल्या पसंतीचे आहे का, हे आपण तपासत नाही. तिच्या बाबतीत तीन गोष्टी मात्र बंधनकारक असतात.

पहिली, ती आहे तशी ठेवायची. जुन्या चित्रपटाच्या दुरुस्तीत हेच सर्वांत अवघड आहे. धूळ काढायची, पण चेहरा गुळगुळीत करायचा नाही. तुटलेला सांधा जोडायचा, पण दिग्दर्शकाच्या हातून राहिलेली चूक सुधारायची नाही. सामरीच्या चेहऱ्यावरचा मेकअप नव्या स्वच्छ चित्रात उघडा पडला तर पडू द्यायचा. सेन्सॉरने कापलेला तुकडा सापडला तर तो कापलेला होता हे सांगून जोडायचा. यंत्राने नवे चित्र तयार करून जुन्यात मिसळणे आता सोपे झाले आहे. ते करणे म्हणजे अमानतीत खयानत.

दुसरी, तिचा दर्जा आणि तिची इस्नाद लिहून ठेवायची. हा चित्रपट कुणी, केव्हा, किती पैशांत केला, प्रत कुठून मिळाली, त्यात बाईचे चित्रण कसे आहे, त्यातला इतिहास किती खोटा आहे, हे शेजारीच नोंदवायचे. नुसते चकचकीत करून विकणे म्हणजे जईफ रिवायत सहीह म्हणून सांगणे.

तिसरी, ती हक्कदाराच्याच हाती द्यायची. अमानती त्यांच्या हक्कदारांना पोचत्या करा, असा कुरआनचा हुकूम आहे. 'पुराना मंदिर'चा हक्कदार जाणता प्रेक्षक आहे, अभ्यासक आहे. नऊ वर्षांचे मूल नाही. ते मोठे झाल्यावर त्याला देता यावा म्हणूनच तो जपायचा. मस्साजोगच्या चित्रांचे हक्कदार न्यायालय आहे आणि ते कुटुंब आहे. ती पुढे ढकलणारा प्रत्येक अंगठा दुसऱ्याची ट्रंक चौकात उघडत होता. ठेवणे आणि दाखवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे मुलांना शिकवण्याची वेळ आता आली आहे. आमच्या मते गणित आणि व्याकरणाइतकेच ते निकडीचे आहे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र द्यायचे राहिले: मोलाच्या गोष्टी कुजत असताना हे कशाला? यावर आमचे म्हणणे असे की मोलाच्या गोष्टी सामरीमुळे कुजत नाहीत. आपण त्यांचे मोल ओळखत नाही म्हणून त्या कुजतात. मुंबईत बनलेल्या चित्रपटाला परदेशातल्या कंपनीने धुऊन पुसून आणले, यात रामसेंची नामुष्की नाही. आपली आहे. त्या मंडळींनी निदान आपल्या आवडीच्या गोष्टीला कष्टाच्या लायक समजले. आपण आपल्या कोणत्या गोष्टीला तसे समजतो? जुन्या उर्दू शाळांची दाखल-खारिज रजिस्टरे पाहा. त्यात कोणत्या घरची पहिली मुलगी कोणत्या साली शाळेत आली हे लिहिलेले आहे. लग्नात ढोलक घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्यांची दक्खनी गाणी ऐका. त्यांतली निम्मी शेजारच्या खोलीतल्या मुलीलाही येत नाहीत. मोडीतले आणि फारसीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून पोत्यात भरून ठेवलेले असतात. यांतल्या कशालाही आपण वारसा म्हणत नाही. वारसा म्हटले की आपल्याला मकबरे आणि किल्ले आठवतात.

तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम रामसे २०१९ मध्ये आणि कॅमेरा धरणारे गंगू रामसे २०२४ मध्ये. आपण केलेल्या कामाला कुणी कला म्हणावे असा त्यांचा आग्रह नव्हता. लोकांना घाबरवायचे आणि घर चालवायचे, एवढाच त्यांचा दावा. त्यांचे काम उरले ते कुणाच्या तरी वेडामुळे. आमच्या रजिस्टरांना आणि ढोलकीच्या गाण्यांना असा वेडा परदेशातून येणार नाही. ती आपल्याच घरात आहेत आणि त्यांचे अमीनही आपणच आहोत. शाळेच्या सुट्टीत एक वही आणि एक मोबाईल घेऊन एका म्हातारीसमोर बसले तर सुरुवात होते. गाणे कोणते, कुणाकडून शिकली, कोणत्या गावात, कोणत्या साली, हे सगळे लिहून घ्यायचे. गाणे चांगले आहे की फालतू, हे ठरवायला पुढे पुष्कळ लोक येतील.